ते द्या

आमचं मेडिकल एसटी स्टँडसमोर. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, ऊसवाल्यांचं. नववी-दहावीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन ते चार गल्ल्यावर मी बसायचे, कारण त्या वेळात अण्णा घरी जाऊन जेवायचे आणि जरा आडवे व्हायचे. आत मामा असायचे, खरे फार्मासिस्ट तेच. मी नुसती पैसे घ्यायला आणि सुट्टे द्यायला.

त्या दोन तासांत एक गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. माणूस दर वेळी वेगळा, चाल तीच. आधी दुकानावरून सरळ पुढं जायचा. रसाच्या गाड्यापाशी थांबून मागं बघायचा. परत येऊन पायरीवर एक पाय ठेवायचा आणि मला बघून तो काढून घ्यायचा. तिसऱ्या फेरीला आत येऊन म्हणायचा, "एक इनो." इनो खिशात गेला की भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहायचा, संकष्टी कधी आहे ते बघितल्यासारखं. मग हळूच, "अण्णा कधी येतात?" चारला, मी सांगायचे. चार वाजून पाच मिनिटांनी स्वारी हजर.

अण्णांचं काम बघण्यासारखं होतं. "ते द्या" एवढंच ऐकू यायचं, कधी तेवढंही नाही, नुसता घसा खाकरल्याचा आवाज. अण्णा वर बघायचे नाहीत. डावीकडचा सगळ्यात खालचा ड्रॉवर, कापसाच्या गुंडाळ्यांच्या मागं. दर रविवारी सकाळी ते रद्दीच्या पेपराचे ब्लेडनं एकसारखे चौकोन कापून ठेवायचे. पाकीट कागदात, कागद काळ्या पिशवीत, पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात, नोट गल्ल्यात. वीस सेकंदांचा मामला. दोघांपैकी कुणीही त्या वस्तूचं नाव घेतलेलं नसायचं.

एकदा मी विचारलं, "अण्णा, उंदराच्या औषधाला कागद लागत नाही, मग ह्यालाच का?" अण्णा म्हणाले, "तू अभ्यास कर." मी केला. बी. फार्म. केलं, एम. फार्म. केलं आणि गेली काही वर्षं डी. फार्म.च्या पोरापोरींना शिकवते. तरी त्या कागदाचं उत्तर मला पुरतं सापडलेलं नाही.

कंडोमला नावं तशी पुष्कळ होती. ट्रकवाले मोकळेपणानं निरोध म्हणायचे. कॉलेजची पोरं पाकीट, टोपी, छत्री असलं काहीबाही म्हणायची. पुढं टीव्हीवर चॉकलेट-स्ट्रॉबेरीच्या जाहिराती आल्यावर नुसता वास सांगून माल मागायला लागली. "चॉकलेट आहे का" असं कुणी विचारलं की मामा आधी चेहरा बघायचे आणि मग ठरवायचे की गोळीची बरणी उघडायची की ड्रॉवर. आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी "कुटुंबकल्याणाचं साहित्य" मागायचे. ते शुद्धलेखनासकट ऐकू यायचं.

निरोध हा शब्द सरकारनं दिलेला. १९६८ साली स्वस्तात कंडोम विकायची सरकारी योजना आली तेव्हा तीन नगांचं पाकीट पंधरा पैशांना होतं, आणि ते गावोगाव पोचवायला चहा, साबण, सिगारेट, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या वापरल्या होत्या. डोकं लढवलेलं होतं. जिथं चहाची पुडी पोचते तिथं हेही पोचेल. आधी म्हणे 'कामराज' असं नाव सुचवलं होतं, पण त्याच नावाचे बडे काँग्रेस नेते हयात असल्यामुळं ते मागं पडलं, अशी गोष्ट सांगतात. शेवटी संस्कृतातला शब्द आला. त्याचा परिणाम असा की आम्हाला पीटीच्या सरांनी योगसूत्रातलं "योगश्चित्तवृत्तिनिरोधः" म्हणून दाखवलं तेव्हा मागच्या दोन बाकांवरची पोरं तोंडात रुमाल कोंबून लाल झाली होती. सरांना कळलं होतं. त्यांनी दुसरं सूत्र घेतलंच नाही, सरळ सूर्यनमस्कार घालायला लावले.

हसू येतं, पण ह्या हसण्यानं किती नुकसान केलंय ते मला फार उशिरा समजलं.

आपल्याकडं ह्या विषयात बोलायला कुणी नव्हतंच असंही नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी दवाखाना उघडला तेच वर्ष. विल्सन कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचा मुलगा, आणि लोकांना सांगतोय की मूल कधी हवं ते तुम्ही ठरवा, आणि सुख म्हणजे पाप नव्हे. नोकरी गेली. मग १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न यायचे आणि रघुनाथराव सरळ उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. पुण्यात शिकायला गेले तेव्हा मी चार वर्षं कर्वे रस्त्यावरून बसनं गेले. तो रस्ता वडिलांच्या नावाचा आहे हे माहीत होतं. मुलाचं नाव मला फार्मसीच्या चार वर्षांत एकाही तासाला ऐकू आलं नाही.

शाळेत तर विचारूच नका. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, त्याला २००७ मध्ये आपल्या राज्यानं बंदी घातली. संस्कृती बिघडते म्हणून. त्याच सुमाराला आमच्या ड्रॉवरचा खप मात्र दरवर्षी वाढत होता, हे मी अण्णांच्या वहीत बघितलेलं आहे.

बारावीच्या वर्षी, २००२ च्या अखेरीला, मावशीकडं दादरला गेले होते. लोकलमध्ये, स्टेशनवर, बसथांब्यावर सगळीकडं एकच प्रश्न: बलबीर पाशाला एड्स होणार का? हा पाशा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सगळी मुंबई त्याच्याबद्दल बोलत होती. पानवाले बोलत होते, मावशीची सासू बोलत होती. एका जाहिरातीत पाशा दारू प्यायला की कंडोम विसरतो. एकीत तो दिसायला धडधाकट माणसाकडं बघून निर्धास्त होतो. आणि एकीत तो फक्त मंजुळाकडंच जातो, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला कशाला काय होतंय. पण मंजुळाकडं इतरही जातात. ह्या मंजुळावरून काही महिला संघटना चिडल्या होत्या, बाईच्या माथी रोग मारला म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण आज मागं वळून बघताना वाटतं, पोरं कंडोम का वापरत नाहीत ह्यावर पुढं मी जे जे वाचलं, त्यातलं निम्मं त्या तीन पाट्यांवर होतं. दारू. दिसण्यावर भरवसा. आणि "मी फक्त तिच्याकडंच जातो."

तिसरं सगळ्यात अवघड. ते मला दोनदा समजलं. एकदा दुसऱ्याकडून, एकदा स्वतःच्या अंगावर.

दुसऱ्याकडून समजलं ते दुकानातच. वेश्यावस्तीत एड्सचं काम चालायचं, त्यातली एक बाई महिन्या-दोन महिन्यांनी गावात बहिणीकडं यायची. सांगलीत हे काम १९९२ पासून 'संग्राम' संस्थेनं उभं केलं, आणि त्यातून बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सरकारी माणसाऐवजी धंद्यातल्या बायकाच दारोदार पाकिटं वाटत. ही बाई तशीच वाटणारी. आमच्याकडं यायची ती गुडघेदुखीच्या मलमासाठी, पण बसून बोलायची. आवाज असा की स्टँडवरच्या कंट्रोलरला ऐकू जावा. अण्णा आत निघून जायचे; मी ऐकायचे. ती म्हणायची, गिऱ्हाइकाला सांगायला काय लागतंय? घाल न्हाईतर चालता हो. पैसा त्याचा, घर माझं. "पण मालक रात्री जेवायला येतो, त्याला कसं सांगायचं? त्याला सांगितलं की तो म्हणतो, मग मी बी गिऱ्हाईकच का?"

मालक म्हणजे तिचा माणूस. लग्न नाही, पण कपाळावर कुंकू त्याच्या नावाचं. जिनं हजार लोकांना ते घालायला लावलं, तिला त्या एका माणसापुढं वाक्य सुचत नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, हे त्यांच्या धंद्यातलं दुखणं. आपला काय संबंध.

२००७. मी बावीस वर्षांची, बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही दोन वर्षं बरोबर होतो. त्याच्या मित्राची खोली रविवारी दुपारी तीन तास मोकळी मिळायची. ह्या उसन्या खोल्यांबद्दल कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते ह्या विषयातलं निम्मं दुखणं तिथंच आहे. घड्याळ चालू असतं. जिन्यात पाय वाजला की छातीत धस्स होतं. घरमालकीण गच्चीवरचे पापड आणायला वर येईल, मित्र लवकर परत येईल. अशा घाईत माणूस फक्त पुढच्या पाच मिनिटांचा विचार करतो. नवरा-बायकोला स्वतःची कडी असते. प्रेमात पडलेल्या पोरांना ती दुसऱ्याकडून मागून आणावी लागते, आणि कडी मिळाली हाच एवढा आनंद असतो की बाकी सगळं गौण.

मला सगळं माहीत होतं. लेटेक्स कशानं खराब होतं, पाकीट कुठून फाडायचं, टोकाची हवा का काढायची, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. खालच्या ड्रॉवरची पोरगी मी. आणि त्या दुपारी त्याच्याकडं काही नव्हतं, माझ्या पर्समध्येही काही नव्हतं. पर्समध्ये का नव्हतं? कारण पर्समधून काढलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तू घेऊन फिरतेस? नसतं विचारलं कदाचित. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न त्याच्या आवाजात तयार होता. एवढंही म्हणता आलं नाही की आज नको, पुढच्या रविवारी. कारण तसं म्हणणं म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास नाही असं म्हणण्यासारखं वाटलं. बाईचं ते वाक्य, मग मी बी गिऱ्हाईकच का, मला त्या खोलीत अगदी स्वच्छ ऐकू आलं, आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी, दिवस जाऊ नयेत म्हणून नंतर घ्यायची ती गोळी आणायला निघाले. आमच्या पेठेत नको म्हणून दोन बस बदलून पार दुसऱ्या टोकाला. स्कार्फ डोळ्यांपर्यंत. दुकानावरून सरळ पुढं गेले. उसाच्या रसाच्या दुकानापाशी थांबून मागं बघितलं. परत आले. आणि काउंटरवर उभी राहून मी काय म्हणाले सांगू? "एक इनो."

मग गोळी मागितली. दुकानदारानं ती ठेवली, मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, "घरी माहितीय का?" मी पैसे टाकून निघाले. पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. काही झालं नाही. पण गोळीनं फक्त एक भीती जाते, दुसरी नाही, हेही मला परीक्षेपुरतं माहीत होतंच. एचआयव्ही, गुप्तरोग ह्यांना ती गोळी काही करत नाही. बहुतेक पोरींना ही दुसरी भीती वाटतच नाही. पोट दिसतं, रोग दिसत नाही. म्हणून आज पोरं सर्रास म्हणतात, गोळी आहे की. महिन्यातून दोन-तीनदा गोळी घेणाऱ्या मुली मला माहीत आहेत. बहात्तर तासांत घ्यायची, अडीनडीची गोष्ट, ती नेहमीची झाली. कारण गोळी एकटीनं घेता येते, कंडोमला दुसऱ्याशी बोलावं लागतं.

आता माझ्या वर्गात मी दरवर्षी एक खोकं ठेवते, बुटाचं. पोरं अठराच्या पुढची, प्रश्न चिठ्ठीवर, नाव नाही, हस्ताक्षर ओळखायचं नाही असं मी कबूल केलेलं. (ओळखू येतंच. मी पेपर तपासते.) पहिल्या वर्षी खोक्यात चार चिठ्ठ्या आणि एक च्युइंगमचं कव्हर निघालं. आता चाळीस-पन्नास निघतात. काही मी जपून ठेवल्यात.

"दोन घातले तर डबल सेफ ना?" नाही रे बाबा, एकमेकांवर घासून फाटू शकतात. "खोबरेल तेल चालतं का?" चालत नाही, तेलानं रबर सैल पडतं. "पाकिटात सहा महिने ठेवलेलं आहे, लकी म्हणून." ही चिठ्ठी वाचली तेव्हा वर्ग फुटला. बसून बसून तापलेलं, दुमडलेलं ते पाकीट लकी नाहीच. "मजा येत नाही असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण?" हा प्रश्न ज्यानं विचारला त्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले. कारण खरंच, वापरून न आवडलेले थोडे आणि ऐकून न आवडलेले फार.

"मेडिकलवाला आमच्या भावकीतला आहे."

ह्या चिठ्ठीत प्रश्नच नव्हता. नुसतं वाक्य. शहरातल्या माणसाला हे चटकन कळणार नाही. गावात एक मेडिकल असतं, त्याचा मालक चुलत चुलता असतो, आणि त्याची बायको आईबरोबर भिशीत असते. आशाताई घरपोच देते हे खरं. २०११ पासून तीन नगांचं पाकीट एक रुपयाला घरी मिळायची सोय झाली. पण आशाताई वही घेऊन येते ती जननक्षम जोडप्यांची. बिनलग्नाचं पोर त्या वहीत नसतं. आणि लग्न झालेली वीस वर्षांची सून वहीत असली तरी काय? तिच्याकडून पहिलं वर्ष पाळणा हलायची वाट बघत असतात. "लग्न ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याला कसं सांगू की दोन वर्षं थांबू? तो म्हणेल हे तुला कुणी शिकवलं," अशी एक चिठ्ठी होती. अक्षर गोल, नेटकं. मी त्या मुलीकडं बघितलं नाही. अण्णांसारखं.

आकडे बघितले तरी हेच दिसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागं जवळजवळ अडतीस जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं. कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ. आधीच्या पाहणीत साडेपाचच होती, म्हणजे वाढ आहे, नाही असं नाही. आणि पुरुषाची नसबंदी? हजारात तीन. बाईनं पोट कापून घ्यायचं, बाईनं गोळी गिळायची, आणि गड्यानं तीन रुपयांचं रबर घालायचं म्हटलं की मजा जाते.

अठराच्या आतल्यांचं तर त्रांगडंच झालंय. सरकारी दवाखान्यात किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे, तिथं मोकळेपणानं विचारा असं भिंतीवर लिहिलेलं असतं. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या संमतीला काही अर्थ नाही, कळलं तर डॉक्टरला पोलिसांना सांगावंच लागतं. कायदा लेकरांना वाचवायलाच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण सतरा वर्षं अकरा महिन्यांची दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात असली तर ती भिंतीवरचं वाचून आत शिरतील, की रसाच्या गाड्यापासून परत फिरतील?

एकदा पोरांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला कारखाना बघायला गेले होते. मराठवाड्यात दुष्काळ आणि कंडोम दोन्ही मुबलक, असं तिथलाच एक सुपरवायझर म्हणाला. तिथला माल परदेशी जातो. काचेचे साचे रांगेनं दुधासारख्या लेटेक्समध्ये बुडतात, वर येतात, फिरत फिरत वाळतात, परत बुडतात. सुरुवातीला पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मग तपासणीचा विभाग आला. तिथं प्रत्येक नग, एकूण एक, धातूच्या दांड्यावर चढवून विजेच्या दाबाखालून नेतात. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी वीज त्यातून जाते आणि तो नग बाजूला पडतो. शिवाय काही नग पाण्यानं भरून टांगतात, काही हवा भरून फुटेपर्यंत फुगवतात. पोरांचं हसणं आपोआप थांबलं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं तर आपण औषधाच्या गोळीलाही तपासत नाही." गोळ्यांचे नमुने तपासतात, सगळ्या नाही, तेव्हा तो बरोबर होता.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना आकडा सांगितला. शंभर जोडप्यांनी वर्षभर दर वेळी आणि बरोबर वापरलं तर दोघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात जसं वापरतात तसं धरलं तर तेरा जणींना. मधल्या अकरा जणी कारखान्यातल्या विजेला दिसत नाहीत. तिथं उशिरा घालणं असतं, ह्या वेळी राहू दे असतं, संपलंय असतं, दारू असते. बसमधला दिवा बंद होता, म्हणून असेल, पण मागच्या सीटवरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो नको म्हणाला तर?"

मी म्हणाले, तर तू पण नको म्हण.

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला माझाच राग आला. बावीस वर्षांची मी त्या खोलीत बसलेली होते, आणि ही बाई तिला बसमधून सल्ला देत होती. थोड्या वेळानं मी माइक बंद करून मागं गेले, तिच्या शेजारी बसले आणि तिला उसन्या खोलीची गोष्ट सांगितली. सगळी नाही. इनोपर्यंत. ती हसली, मग म्हणाली, "माझंही असंच झालं. फक्त मी इनोच्या जागी बँडेड घेतलं." वैजापूर येईपर्यंत आम्ही त्यालाच काय काय म्हणता येईल ते जुळवत बसलो. "तुझ्यावर विश्वास आहे, तरी" ह्या वाक्याची सुरुवात वाईट आहे असं तिचं मत. "माझ्यासाठी घाल" हे तिला लाचार वाटलं. "माझ्याकडं आहे, हे घे," हे तिला पटलं, पण त्यासाठी आधी ते तिच्याकडं असायला हवं. तिथं परत मेडिकल आलं, आणि मेडिकलवाला भावकीतला.

आता फोनवरून दहा मिनिटांत घरी येतं म्हणतात. शहरात येतं. दूध, कोथिंबीर आणि पाकीट एकाच पिशवीत. माझ्या पुण्यातल्या भाचीला अण्णांच्या कागदाची गोष्ट सांगितली तर तिला ती दगडाच्या काळातली वाटली. काउंटरवरची लाज ह्या पोरांनी जवळजवळ संपवली, ह्याचं मला खरंच कौतुक आहे. २०१७ च्या डिसेंबरात सरकारनं कंडोमच्या जाहिराती फक्त रात्री दहा ते सकाळी सहा दाखवा म्हणून सांगितलं, तोपर्यंत ती पोरं टीव्ही बघायची बंदही झाली होती. मी भाचीला विचारलं, मागवतं कोण, तू का तो? ती म्हणाली, "तो. मी मागवलं तर माझ्या ऑर्डर हिस्टरीत दिसतं ना." तिचा फोन तिच्या बाबांच्या नावावर आहे.

ह्या दिवाळीत गावी होते. दुकान आता भाऊ बघतो. ड्रॉवर गेला, काउंटरवरच, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी, काचेच्या स्टँडवर दहा रंगांची पाकिटं उभी असतात. अण्णा ऐंशीच्या घरात. मागच्या खुर्चीवर बसून दिवसातून तीनदा एकच पेपर वाचतात. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी भाऊ फुलं आणायला गेला होता, गल्ल्यावर मी. स्कूटर थांबली. बावीस-तेवीसची मुलगी, हेल्मेट हातात, कपाळावर घामानं चिकटलेले केस. ती सरळ आत आली.

"काका, कंडोम द्या. दहाचं. आणि एक व्हिक्स."

तिनं काका म्हटलं ते मागं अण्णांकडं बघून. मी स्टँडकडं हात नेला. मागून फर्र असा आवाज आला. अण्णांनी हातातल्या पेपराचा, ताज्या, आजच्याच पेपराचा कोपरा फाडला होता आणि तो चौकोन माझ्यापुढं धरला होता.

"राहू दे काका, बॅग आहे," असं म्हणून तिनं पाकीट बॅगेत टाकलं, पैसे फोननं दिले आणि गेली. व्हिक्स काउंटरवरच राहिलं. मी हाक मारेपर्यंत स्कूटर स्टँडच्या वळणावर पोचली होती.

अण्णा तो चौकोन हातात धरून बसले होते. मग त्यांनी चष्मा काढला, त्याच कागदानं काचा पुसल्या, आणि मला म्हणाले, "शब्दकोडं होतं गं त्या बाजूला."